आठवडी बाजार, मंडई आणि थेट विक्री : पुणे परिसरातील हंगामी व स्वस्त अन्नव्यवहाराचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश :

हंगामात पिकलेला, जवळच्या शिवारातून आलेला आणि परवडणाऱ्या किमतीचा भाजीपाला खाणे हा अलीकडच्या काळात शहरी मध्यमवर्गाच्या चर्चेचा विषय झाला आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने पाहता हा व्यवहार नवा नाही. आठवडी बाजार, पेठ व मंडई या संस्थांच्या आधारे तो कित्येक शतके चालत आला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात पुणे व पुणे परिसर हा मुख्य संदर्भ घेऊन या व्यवहाराचे पेशवाईपासून आजपर्यंतचे टप्पे तपासले आहेत. शेतकरी व ग्राहक यांच्यातील अंतर कमी असले म्हणजे अन्न आपोआप स्वस्त व व्यवहार आपोआप न्याय्य होतो, या समजुतीची ऐतिहासिक पुराव्यांच्या आधारे चिकित्सा करणे हा या निबंधाचा मुख्य हेतू आहे.

बीजसंज्ञा : आठवडी बाजार, पेठ, मंडई, हंगामी आहार, आडत, नियंत्रित बाजार, थेट पणन.

१. प्रस्तावना :

अन्नाचा इतिहास हा केवळ पाककृतींचा इतिहास नसतो. कोणते अन्न कोणाच्या ताटात, कोणत्या महिन्यात व कोणत्या किमतीला येते, हा प्रश्न शेती, वाहतूक, करपद्धती, पतव्यवस्था आणि समाजरचना या सर्वांशी निगडित असतो. मराठी इतिहासलेखनात राजकीय घडामोडी व जमीनमहसूल यांचा विचार विस्ताराने झाला. त्या मानाने रोजच्या भाजीपाल्याच्या व्यवहाराकडे कमी लक्ष दिले गेले. भाजीपाला हा नाशवंत माल होय. धान्य पेवात वा कणगीत साठविता येते. मेथीची जुडी दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. त्यामुळे भाजीपाल्याच्या बाजारात विकणाऱ्याची निकड आणि घेणाऱ्याची सोय यांतील तणाव सर्वाधिक स्पष्टपणे दिसतो.

भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार ग्राहकाने दिलेल्या एका रुपयापैकी शेतकऱ्याच्या हाती टोमॅटोच्या बाबतीत सुमारे ३३ पैसे, कांद्याच्या बाबतीत ३६ पैसे आणि बटाट्याच्या बाबतीत ३७ पैसे पडतात. उरलेला सुमारे दोन तृतीयांश भाग वाहतूक, हमाली, आडत, नासाडी व मधल्या व्यापाऱ्यांचा नफा यांत जातो. अशा स्थितीत शेतकऱ्याला भाव मिळत नाही आणि ग्राहकालाही माल स्वस्त मिळत नाही. ही विसंगती कशी निर्माण झाली, हे समजून घेण्यासाठी इतिहासाकडे वळणे आवश्यक ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे :

१) पुणे परिसरातील पेठ व आठवडी बाजार यांचे पारंपरिक स्वरूप अभ्यासणे.
२) मराठी सण-व्रतांतून दिसणाऱ्या हंगामी आहाराचा आर्थिक अर्थ शोधणे.
३) वसाहतकालीन मंडई व नियंत्रित बाजार यांमुळे झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
४) थेट विक्रीच्या अलीकडील प्रयोगांचे ऐतिहासिक पार्श्वभूमीवर मूल्यमापन करणे.

३. गृहीतके :

१) हंगामी व स्थानिक आहार हा जितका शहाणपणाचा, तितकाच अपरिहार्यतेचा परिणाम होता.
२) शेतमालाच्या विक्रीत अंतरापेक्षा जागा, माप आणि पत यांवरील नियंत्रण अधिक निर्णायक ठरते.

४. संशोधन पद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित ग्रंथ, गॅझेटियर, कायदे आणि शासकीय धोरणे या दुय्यम स्वरूपाच्या साधनांचा आधार घेतला आहे. अभ्यासाची व्याप्ती प्रामुख्याने पुणे जिल्ह्यापुरती मर्यादित असून तुलनेसाठी मुंबई, कोकण व गोवा येथील उदाहरणे आवश्यक तेथे घेतली आहेत.

५. विषय विवेचन :

५.१ पेठ, वार आणि बाजार

पुणे शहराच्या जुन्या भागातील सोमवार ते रविवार या सातही वारांच्या नावाच्या पेठा आजही परिचित आहेत. शनिवार पेठेचे पूर्वीचे नाव मुर्तजाबाद, शुक्रवार पेठेचे विसापूर, तर रविवार पेठेचे मलकापूर असे होते. वारांची नावे रूढ होण्यामागे त्या त्या वाराला भरणाऱ्या बाजाराची स्मृती आहे, असे परंपरेने मानले जाते. वार ठरवून बाजार भरविण्यामागे साधे व्यावहारिक गणित होते. एका गावाची मागणी रोजच्या बाजाराला पुरेशी नसे. पंचक्रोशीतील गावांनी आठवड्याचे वार वाटून घेतले म्हणजे विक्रेत्याला रोज एक नवे गाव मिळे आणि ग्राहकाला आठवड्यातून एकदा का होईना, चालत जाण्याच्या अंतरावर बाजार मिळे. बैलगाडीने किंवा डोक्यावरच्या पाटीने एका दिवसात जाऊन परत येता येईल, एवढी त्या बाजाराची कक्षा असे. ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ त्या काळी बैलाच्या आणि माणसाच्या पायांनी ठरविला होता.

नवी पेठ वसविताना सत्तेकडून कौल दिला जाई व व्यापाऱ्यांना काही वर्षे करात सूट मिळे. पेठेच्या व्यवस्थेसाठी शेटे व महाजन हे वतनदार असत. बाजारात बसणाऱ्याकडून बाजारबैठक घेतली जाई आणि विक्रीस आलेल्या मालातून मूठभर हिस्सा ‘शेवफसकी’ म्हणून काढला जाई. याखेरीज वाटेत जकातीची नाकी असतच. म्हणजेच शेतकरी स्वतः माल विकत असतानाही त्याच्या पाटीतला काही भाग ग्राहकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच कमी होत असे. मध्यस्थाविना चालणारा शुद्ध व्यवहार हे भूतकाळाविषयीचे चित्र या कारणाने तपासून घ्यावे लागते.

गावातल्या गावात मात्र भाजीपाल्याचा बराचसा व्यवहार पैशाविना होत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात वर्णन केलेल्या अलुते-बलुते पद्धतीत कारागिराला शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्याचा वाटा मिळे. त्याबरोबर शेतातला भाजीपाला, ऊस, शेंगा असा हंगामी वानवळाही घरोघर जाई. बाजारात विक्री होई ती जुडी, पेंढी, शेकडा आणि ‘वाटा’ या मापांनी. जमिनीवर पसरलेल्या गोणपाटावर भाजीचे छोटे ढीग मांडायचे आणि एका ढिगाला एक किंमत सांगायची, ही वाटे लावण्याची रीत आजही आठवडी बाजारात टिकून आहे. अल्प उत्पन्नाच्या ग्राहकाला ही पद्धत सोयीची असते. दिवस मावळताना तोच वाटा मोठा होतो किंवा त्याची किंमत उतरते. उशिरा येणारा मजूर ग्राहक याच वेळेची वाट पाहत असतो.

५.२ सण-व्रतांतील हंगामी आहार

मराठी कुटुंबातील हंगामी आहाराचे सर्वांत विश्वसनीय वेळापत्रक पंचांगात सापडते. पौषात संक्रांतीच्या आदल्या दिवशी येणाऱ्या भोगीला पावटा, घेवडा, वांगी, गाजर, ओला हरभरा, बोरे अशा त्या वेळी शिवारात भरपूर असणाऱ्या जिनसांची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी करण्याची रीत आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ व पन्हे असते. भाद्रपदातील गौरींच्या नैवेद्याला अनेक घरी सोळा भाज्या लागतात. पावसाळ्याच्या अखेरीस वेलीवरच्या व परसातल्या भाज्यांची रेलचेल असते, हे त्यामागील वास्तव होय. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य मानून परसबागेतील भाज्या व कंदमुळे यांची भाजी केली जाते.

आषाढ शुद्ध नवमीच्या कांदेनवमीनंतर चातुर्मासात अनेक घरांत कांदा, लसूण व वांगी वर्ज्य होतात आणि मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत व रोडगा यांचा नैवेद्य दाखवून वांगी पुन्हा सुरू होतात. या प्रथेला धार्मिक अर्थ आहेच. त्याबरोबर तिला साठवणुकीचा संदर्भही जोडता येतो. उन्हाळी कांदा चाळीत कितीही जपला तरी पावसाळी दमट हवेत त्याला कोंब फुटतात व तो सडतो. नवे पीक येईपर्यंतच्या काळात त्याचा वापर आवरता घेणे हे कुटुंबाच्या अर्थकारणाला धरून होते.

हंगामी आहार म्हणजे केवळ ताजे खाणे नव्हे. ज्या महिन्यांत काही मिळत नाही, त्यांची तरतूद करणे हाही त्याचाच भाग होता. उन्हाळ्यात घातलेले सांडगे, कुरडया, पापड, वाळविलेली गवार, मिठातली कैरी, आमसुले ही वाळवणे व साठवणी म्हणजे पावसाळ्यातील भाजीच होय. गोव्यात हीच तरतूद ‘पुरुमेंत’ या नावाने ओळखली जाते. ‘तरतूद’ याच अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव आले. पावसाळ्यापूर्वी मडगाव व म्हापसा येथे भरणाऱ्या पुरुमेंताच्या फेस्तात सुके मासे, मिरच्या, कांदे, कोकम यांची खरेदी होते. धर्म व राज्यव्यवस्था वेगळी असूनही पश्चिम किनाऱ्यावरील पावसाने दोन्हीकडे सारखीच सवय लावलेली दिसते.

या सर्व प्रथांमागे दूरदृष्टी होती, हे मान्य करावे लागते. तथापि, त्यांचे गौरवीकरण करताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली गोष्ट, सोळा भाज्यांचा नैवेद्य हा परसदार व शिवार असणाऱ्यांचा आहार होता. भूमिहीनाच्या घरी आषाढ-श्रावण हे टंचाईचे महिने असत. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, शेवळे या रानभाज्या आज कौतुकाने खाल्ल्या जातात. मावळ, मुळशी, आंबेगाव व जुन्नर भागातील ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजांसाठी धान्य संपल्यानंतरचा तो आधार होता. दुसरी गोष्ट, अस्पृश्यतेच्या प्रथेमुळे गावातील एका मोठ्या समाजगटाला भाजी, दूध यांसारख्या खाद्यवस्तू विकण्याचा मार्गच बंद होता. स्थानिक बाजार जितका जवळचा, तितकी विक्रेत्याची जात ग्राहकाला ठाऊक असण्याची शक्यता अधिक. जवळीक ही सर्वांनाच लाभदायक नव्हती, हा या काळाचा महत्त्वाचा धडा आहे.

५.३ रेल्वे, कालवा आणि मंडई

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवस्थेत मूलभूत बदल झाले. १८५८ मध्ये रेल्वे पुण्यापर्यंत आली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग पूर्ण होऊन मुंबईशी अखंड संपर्क साधला गेला. खडकवासला धरण व मुठा कालव्यांमुळे पुण्याच्या पूर्वेकडील गावांना बारमाही पाणी मिळू लागले. तत्पूर्वी विहिरीवर मोट चालवून होणारी मोटस्थळ बागायत मर्यादित होती व ती प्रामुख्याने माळी समाजाच्या हाती होती. लष्कर छावणीतील युरोपीय ग्राहकांमुळे बटाटा, कोबी, फुलकोबी यांसारख्या भाज्यांना मागणी आली. आज ‘आपल्या’ वाटणाऱ्या अनेक भाज्या या काळात रुळल्या. मिरची, बटाटा आणि टोमॅटो मूळचे अमेरिका खंडातील आहेत, हे लक्षात घेता ‘स्थानिक अन्न’ ही संकल्पनाही कालसापेक्ष ठरते.

वाढत्या नागरी वस्तीसाठी बंदिस्त व नगरपालिकेच्या देखरेखीखालील बाजार उभारण्याचे धोरण याच काळात आले. मुंबईत महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाचा बाजार १८६९ मध्ये पूर्ण झाला. पुण्यात शुक्रवार पेठेत १८८६ मध्ये मंडईची इमारत सुरू झाली व तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर मोठा खर्च करण्यापेक्षा तो पैसा शिक्षणासाठी वापरावा, अशी भूमिका त्यांनी घेतल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. पुढे आचार्य प्र. के. अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने याच वास्तूचे नामकरण महात्मा फुले मंडई असे झाले. मुंबईचा क्रॉफर्ड बाजारही कालांतराने फुले यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

हा योगायोग केवळ रंजक नाही. फुले हे माळी कुटुंबातील होते आणि शेतमाल शहरात आणणाऱ्याच्या अडचणी त्यांना जवळून ठाऊक होत्या. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी शेतसारा, सावकारी, नोकरशाही व जकाती यांच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्याची स्थिती मांडली. त्याच्या आठ वर्षे आधी, मे १८७५ मध्ये, दख्खनच्या दंग्यांना सुरुवात झाली ती पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी. शेतकऱ्यांचा रोष कर्जखतांवर होता. शेतसाऱ्याचा हप्ता भरण्यासाठी पीक हाती येताच ते पडत्या भावात विकावे लागे आणि तेच धान्य पुढे चढ्या भावाने उसने घ्यावे लागे. हंगामातील स्वस्ताई ही ग्राहकाच्या दृष्टीने पर्वणी असली तरी ऋणको शेतकऱ्याच्या दृष्टीने ती सक्तीच्या विक्रीची किंमत होती. हंगामी अन्न स्वस्त का असते, या प्रश्नाचे एक उत्तर निसर्गात आहे, तर दुसरे कर्जाच्या वहीत आहे.

मंडईमुळे स्वच्छता, छप्पर व कायम जागा हे लाभ झाले. त्याचबरोबर गाळ्याचे भाडे भरू शकणारा कायम विक्रेता आणि अधूनमधून माल आणणारा शेतकरी यांच्यात भेद निर्माण झाला. शेतकऱ्याने पहाटे माल आणायचा, तो आडत्याच्या हवाली करायचा व पट्टी घेऊन परतायचे, ही रीत रूढ होत गेली. डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. दख्खनच्या एका खेड्याची जमीन, कर्ज व मजुरी यांची बारकाईने पाहणी करणारा हा आरंभीचा अभ्यास होय. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३३ मध्ये पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी प्रसिद्ध केली. बागेपासून ग्राहकापर्यंतची साखळी हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे, ही जाणीव पुण्यातच एवढ्या लवकर रुजली होती, ही बाब येथे नमूद करणे उचित ठरेल.

५.४ नियंत्रित बाजार : संरक्षण आणि मक्तेदारी

शेतमाल बाजाराच्या कायदेशीर नियंत्रणाची सुरुवात कापसापासून झाली. वऱ्हाडात १८९७ चा कापूस व धान्य बाजार कायदा आला, मुंबई प्रांतात १९२७ मध्ये कापूस बाजार कायदा झाला. शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली आणि १९३९ मध्ये मुंबई शेती उत्पन्न बाजार कायदा संमत झाला. या कायद्यांमागील कारणे खरी होती. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची ‘हत्ता’ पद्धत, खोटी मापे, नमुन्याच्या नावाखाली काढला जाणारा माल, कडता, धर्मादाय, तोलाई अशा असंख्य कपातींनी शेतकऱ्याची पट्टी पोखरली जात असे. उघड लिलाव, तपासलेले वजन आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असलेली बाजार समिती हा त्यावरील उपाय होता.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (नियमन) अधिनियम, १९६३ हा या व्यवस्थेचा पाया ठरला. पुण्यातील घाऊक व्यवहार गुलटेकडी येथील मार्केट यार्डात गेला. मुंबईचा घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत हलविण्यात आला. १९८४ मध्ये राज्य कृषी पणन मंडळ स्थापन झाले. मात्र अधिसूचित मालाची खरेदी बाजार समितीच्या आवारातच व परवानाधारकांकडूनच व्हावी, या नियमाचा दुसरा परिणाम काळाच्या ओघात समोर आला. परवाने मर्यादित राहिले, आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जात राहिली आणि समित्यांना राजकीय सत्ताकेंद्रांचे स्वरूप आले. पुरंदर तालुक्यातील वाटाणा गुलटेकडीला जाऊन पुन्हा सासवडच्या किरकोळ विक्रेत्याकडे यावा, अशी फेरी केंद्रीकृत व्यवस्थेत अस्वाभाविक राहिली नाही. फसवणुकीपासून संरक्षण देण्यासाठी उभारलेली भिंत काही प्रमाणात अडसर ठरली.

५.५ थेट विक्रीचे पुनरागमन

शेतकऱ्याने ग्राहकाला थेट विकावे, यासाठीचे शासकीय प्रयोग प्रथम इतर राज्यांत झाले. पंजाब व चंदीगड येथे १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’, तर १९९९ मध्ये आंध्र प्रदेशात ‘रयतु बाजार’ व तमिळनाडूत ‘उळवर संदै’ सुरू झाले. केंद्राने २००३ मध्ये तयार केलेल्या आदर्श कायद्यात थेट पणन, खासगी बाजार व शेतकरी-ग्राहक बाजार यांना स्थान देण्यात आले आणि महाराष्ट्राने त्यानुसार आपल्या कायद्यात सुधारणा केल्या. २०१६ च्या जुलै महिन्यात राज्याने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेरील नियमनातून मुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. या निर्णयास व्यापाऱ्यांनी बंदच्या मार्गाने विरोध केला होता.

पणन मंडळाने शहरांतील मोकळ्या जागी शेतकरी आठवडी बाजार भरविण्याच्या उपक्रमास संत सावता माळी यांचे नाव दिले. अरण येथील या तेराव्या शतकातील संताने आपल्या मळ्यातील कामालाच भक्ती मानले. शेतकरी गट व उत्पादक कंपन्या यांना ठरावीक वारी ठरावीक जागा मिळावी, हे या उपक्रमाचे सूत्र आहे. थोडक्यात, पेठेच्या जुन्या व्यवस्थेतील वार आणि जागा हीच दोन तत्त्वे येथे पुन्हा अवतरली. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या टाळेबंदीत बाजार समित्यांचे व्यवहार विस्कळीत झाले. त्या वेळी शेतकरी गटांनी गृहनिर्माण संस्थांच्या दारापर्यंत भाजीपाला पोहोचविला व थेट विक्रीची उपयुक्तता अनेकांना प्रथमच जाणवली. त्याच वर्षी केंद्राने केलेले तीन कृषी कायदे देशव्यापी आंदोलनानंतर २०२१ मध्ये मागे घेण्यात आले. बाजार समितीला पर्याय हवा, पण तिचे संरक्षण गमावण्याची भीतीही आहे, हे शेतकऱ्याचे दुहेरी मन त्या आंदोलनातून प्रकट झाले.

५.६ मूल्यमापन

थेट विक्रीमुळे साखळीतील टप्पे कमी होतात, हे खरे आहे. तथापि, ते टप्पे जे काम करीत होते ते नाहीसे होत नाही. माल निवडणे, बांधणे, वाहून आणणे, उन्हात उभे राहून विकणे आणि उरलेला माल तोट्यात काढणे ही सर्व कामे शेतकरी कुटुंबाकडे, विशेषतः स्त्रियांकडे येतात. ज्या कुटुंबात मनुष्यबळ आहे किंवा ज्याचे गाव शहराला जवळ आहे, त्यालाच हा मार्ग परवडतो. बाकीच्यांना गटाची गरज भासते. गटातर्फे विक्री करताना दुसऱ्याचा माल आणून विकणारा गटप्रमुख हाच नवा मध्यस्थ बनण्याची शक्यता असते.

ग्राहकाच्या बाजूनेही असाच विचार करावा लागतो. ‘शेतातून थेट’ अशी पाटी लागल्यावर मालाची किंमत उतरावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात सेंद्रिय, गावरान, विषमुक्त अशा विशेषणांसह तीच भाजी वरच्या वर्गासाठी महागही विकली जाऊ शकते. याउलट हंगामाशी जुळवून घेणारा ग्राहक विशेषणांशिवायही स्वस्तात खाऊ शकतो. श्रावणात दोडका, पडवळ, काकडी. पौष-माघात पावटा, गाजर, मेथी. चैत्र-वैशाखात कैरी, फणस व नवा उन्हाळी कांदा हा क्रम पाळला तर तुटवड्याच्या काळातील चढे भाव आपोआप टळतात. अलिबागचा पांढरा कांदा याचे उत्तम उदाहरण होय. भातकापणीनंतरच्या ओलाव्यावर येणारा हा कांदा वेणीसारख्या माळा गुंफून रस्त्याच्या कडेला विकला जातो. ग्राहक वर्षाची बेगमी हंगामातच करतो आणि शेतकरी आपल्या मालाची किंमत स्वतः सांगतो.

असे असले तरी पारंपरिक किरकोळ भाजीविक्रेत्यांना या चर्चेतून वगळणे अन्यायाचे ठरेल. मंडईतील व रस्त्यावरील भाजीवाल्या, बागवान व माळी विक्रेते यांनी पिढ्यान्‌पिढ्या शहराला भाजी पुरविली. पावशेर मिरची उधार देणारी भाजीवाली ही अल्प उत्पन्न कुटुंबाची पतपेढीच असते. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेस संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये झाला. शेतकरी बाजाराला जागा देताना या विक्रेत्यांची जागा हिरावली गेली, तर एका श्रमिकाचा लाभ दुसऱ्याच्या हानीतून साधला जाईल.

६. निष्कर्ष :

१) पेठ व आठवडी बाजार यांच्या आधारे चाललेला हंगामी व स्थानिक अन्नव्यवहार हा वाहतुकीच्या मर्यादांतून निर्माण झाला. सण-व्रतांनी त्याला शिस्त व सांस्कृतिक अर्थ दिला.
२) हा व्यवहार स्वस्त होता, परंतु त्या स्वस्ताईचा काही भाग शेतकऱ्याच्या कर्जबाजारी सक्तीतून व जातिबद्ध बंधनांतून आलेला होता. म्हणून त्याचे जसेच्या तसे पुनरुज्जीवन इष्ट नाही.
३) मंडई व नियंत्रित बाजार यांनी खऱ्या अन्यायांवर उपाय केले. कालांतराने जागा व परवाना यांवरील मक्तेदारीमुळे शेतकरी व ग्राहक यांच्यात नवे अंतर निर्माण झाले.
४) प्रत्येक टप्प्यावर निर्णायक ठरले ते बसण्याची जागा, वजनाचा काटा आणि पैशाची निकड यांवर कोणाचे नियंत्रण आहे, हे. अंतर कमी करणे हा त्यावरील पुरेसा उपाय नाही.

७. सूचना :

१) शहर विकास आराखड्यांत आठवडी बाजारासाठी सपाट, सावलीची, पाणी व स्वच्छतागृहाची सोय असलेली जागा कायमस्वरूपी राखून ठेवावी. आज अशा जागा बहुधा तात्पुरत्या परवानगीवर अवलंबून असतात.
२) शेतकरी बाजार व पथविक्रेते यांचे वार व जागा ठरविताना दोघांच्याही प्रतिनिधींचा विचार घेतला जावा.
३) हंगामात भाव कोसळताच माल काढावा लागू नये, यासाठी लहान शेतकऱ्याला अल्पमुदतीचे कर्ज व गावपातळीवर साठवणुकीची सोय मिळावी.
४) महाविद्यालयांनी आपल्या वसतिगृहांच्या भोजनगृहांसाठी परिसरातील शेतकरी गटांकडून हंगामी भाजीपाला ठरावीक दराने घेण्याचा विचार करावा. वसतिगृहाची मागणी निश्चित व नियमित असते. नाशवंत मालाच्या उत्पादकाला नेमकी अशाच मागणीची गरज असते. इतिहास, अर्थशास्त्र व वनस्पतिशास्त्र या विभागांनी मिळून आपल्या तालुक्यातील आठवडी बाजाराची वर्षभराची भाव-नोंद ठेवली, तर स्थानिक इतिहासाचे एक मोलाचे साधनही तयार होईल.

भाजीचा वाटा ही वस्तू क्षुल्लक वाटते. परंतु त्या वाट्याची किंमत कोण ठरवितो, या प्रश्नाभोवती महाराष्ट्राच्या ग्रामीण व नागरी इतिहासाचा मोठा भाग फिरत आला आहे. स्वस्त अन्न हा ग्राहकाचा हक्क मानला, तर ते पिकविणाऱ्याच्या तोट्यातून स्वस्त होत नाही ना, हे पाहणे हे त्याच ग्राहकाचे कर्तव्य ठरते.